शिकारी पक्षी की शिकारीचे पक्षी?

दादरची वाचक: ब्रिटनमधल्या फेझंट या कोंबडीच्या कुळातल्या पक्ष्यावरच्या लेखाचं भाषांतर करतेय. शिकारीच्या हौसेसाठी तिथे हे पक्षी पिंजऱ्यांत वाढवून दरवर्षी ३ कोटींहून जास्त रानात सोडतात. मी ‘शिकारी पक्षी निसर्गात मुक्त केले’ लिहिलं, तर मजकुराशेजारी ससाण्याचं चित्र लागलं. ज्यांची शिकार होते त्यांना काय म्हणायचं?

गिरगावकर: मृगयापक्षी. ‘शिकार’ फारसीतून आलेला. घरात शब्द असताना उसना कशाला?

माळरान: काका, मृगयेत तर मृगच आहे! आमच्या सोलापूरकडे लावा-तित्तराला सावजच म्हणतात. ‘सावजपक्षी’ लिहा, कुणालाही कळेल.

गिरगावकर: सावज श्वापदावरून आलाय. म्हणजे तोही चार पायांचाच.

माळरान: आला असेल. आज तो दोन पायांवर चालतो, हे वापरानं ठरवलंय.

खाडीकाठ: मला ‘निसर्गात मुक्त केले’ जास्त खटकतं. बंदुकीपुढे उडवण्यासाठी सोडलेला पक्षी मुक्त कसला? साधं ‘सोडले’ लिहा. आणि परिणामांचा भाग गाळू नका. गोळीतून सुटलेले बहुतेक पक्षी वर्षभरही जगत नाहीत. त्यांच्यावर कोल्हे-कावळे पोसले जातात आणि तेच पुढे जमिनीवर घरटी करणाऱ्या रानपक्ष्यांच्या अंडी-पिल्लांवर उठतात, अशी भीती अभ्यासक मांडतात. फेझंटच्या आतड्यातला हेटेरॅकिस जंत तिथल्या मूळच्या तित्तरांनाही लागतो.

दादरची वाचक: त्याच तित्तरांवर अडलेय. ‘राखी तित्तर’ चालेल?

खाडीकाठ: नको! राखी तित्तर आपला, माळावर पहाटे ओरडणारा. जुन्या इंग्रजी पुस्तकांत दोघांना एकच नाव होतं, तिथून हा घोळ. तिकडच्याला ‘युरोपीय करडा तित्तर’ म्हणा. ब्रिटनमध्ये तो गेल्या अर्धशतकात ९० टक्क्यांहून जास्त घटला. मुख्य कारण शेतीतली रसायनं: पिल्लांना खायला किडेच उरले नाहीत. त्यात तांबड्या पायांचे तित्तर पोसून सोडतात, त्यांच्यावर गोळ्या झाडताना हेही पडतात.

गिरगावकर: तित्तिर शब्द त्याच्या ओरडण्यावरूनच. यजुर्वेदाच्या तैत्तिरीय शाखेचं नावही याच पक्ष्याच्या कथेशी जोडतात.

मुलुंडची: स्पेनमध्ये पैदास केंद्रांतल्या तांबड्या पायांच्या तित्तरांत चुकर या वेगळ्या जातीच्या तित्तराचं रक्त मिसळलेलं सापडलंय. ते रानात सोडले की मूळ वाणात भेसळ.

गिरगावकर: संकर म्हणा. भेसळ दुधात होते.

मुलुंडची: संकर शेतकरी मुद्दाम करतो. इथे कुणाला नको असलेलं मिसळलंय, म्हणून भेसळच. युरोपात जपानी लाव्यांनी रानलाव्यांचंही तेच केलंय. आपल्याकडेही पाळलेले जपानी लावे सोडून देऊ नयेत.

माळरान: मुंबईत हॉटेलवाले त्यालाच बटेर म्हणतात ना?

गिरगावकर: बटेर हिंदी. मराठीत लावा.

मुलुंडची: आमच्याकडे लावरी म्हणतात.

माळरान: लावरी वेगळी, लावा वेगळा. पारध्यांना विचारा.

गिरगावकर: कोशात दोन्ही एकच आहेत.