अनुभव धागा : देवाने सावध केलं आणि तुम्ही ऐकलंत, तेव्हा काय झालं?

सर्वांना सलाम. आमच्या कॅम्पातल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सध्या बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक चालू आहे, मागच्या रविवारी २७ वा अध्याय झाला, पौलाच्या जहाजाचा. पौल बिचारा कैदी, तो सांगतोय की आता पुढे निघालो तर मालाचंच नाही तर जिवाचंही नुकसान होईल, आणि शताधिपती, म्हणजे त्याच्यावरचा रोमी अधिकारी, ऐकतो कोणाचं तर तांडेलाचं आणि जहाजाच्या मालकाचं, म्हणजे ज्यांना त्यातलं कळतं त्यांचं. पण मला लागली ती त्यापुढची गोष्ट. दक्षिणेचा वारा मंद सुटला. इशारा डावलला आणि लगेच हवा छान झाली, सगळ्यांना वाटलं बघा आपलंच बरोबर होतं. वादळ नंतर आलं.

तर त्यावरून हा धागा. आपल्याकडे साक्ष, म्हणजे देवाचा आलेला अनुभव, म्हटलं की बस चुकली आणि अपघातातून वाचलो अशाच येतात. त्याही लिहा, पण मला जास्त ऐकायचंय ते असं की वचन तुमच्यासमोर स्वच्छ होतं, बाहेर वारा मंद होता, सगळे म्हणत होते जाऊ दे रे, आणि तरी तुम्ही ऐकलंत. ऐकण्याची किंमत काय पडली तेही लिहा. आणि एक हात जोडून विनंती, कोणाच्या अपघातावर, आजारावर "त्यांनी देवाचं ऐकलं नाही म्हणून" असं इथे कोणी लिहू नका. शिलोहातला बुरूज पडून अठरा जण गेले तेव्हा प्रभूनेच विचारलं होतं, ते काय यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते का? लूक १३ वाचा.

*

भोसरीवाला

मी एमआयडीसीत एका कंपनीत परचेसला होतो. दिवाळीला व्हेंडर लोक मिठाई देतात, त्यात काही विशेष नाही, सगळ्या डिपार्टमेंटला येते. एका वर्षी एकाने घरी बॉक्स पाठवला, बायकोने काजूकतलीचा वरचा थर काढला तर खाली बटर पेपर आणि त्याखाली पाकीट. तिने ते उघडलंसुद्धा नाही, तसंच टेबलावर ठेवलं आणि माझी वाट बघत बसली. निर्गम २३ मध्ये आहे की लाच डोळसाला आंधळं करते, हे मला संडे स्कूलपासून पाठ, त्यामुळे मला काही स्वप्न पडायची किंवा आवाज ऐकू यायची गरजच नव्हती. सकाळी पाकीट परत दिलं आणि साहेबांना मेल टाकला की असं असं आलं होतं, परत केलंय.

आता साक्षीत पुढे प्रमोशन यायला पाहिजे ना? नाही आलं. त्या पाकिटांची साखळी वरपर्यंत होती, मला स्टोअर्सला टाकलं आणि आजही मी स्टोअर्सलाच आहे. घरसभेत एकाने विचारलं मग देवाने काय दिलं? मला हा प्रश्नच पटत नाही. आज्ञा ही काय एफडी आहे का, की मुदत संपल्यावर व्याज मागायला जायचं? त्याने सांगितलं होतं घेऊ नको, मी घेतलं नाही, बस.

*

नारायण पेठेतली सून

माझ्या सासूबाईंची गोष्ट लिहिते, त्या आता नाहीत पण त्यांनी इतक्या वेळा सांगितलीये की मला तोंडपाठ आहे. १२ जुलै १९६१, पानशेत. आदल्या रात्री धरणावर जवान मातीच्या गोण्या रचत होते आणि इथे गावात लोक नेहमीसारखे सकाळच्या कामाला लागलेले. सासूबाईंचं लग्न होऊन थोडेच दिवस झालेले, नदीजवळच्या वाड्यात दोन खोल्या. शेजारचे वैद्यबुवा, कट्टर माळकरी, ते जिन्यातून ओरडत आले की पाणी येतंय, मुलांना घ्या आणि पर्वतीकडे पळा. बाहेर बघितलं तर रस्ता कोरडा. आजेसासूबाई म्हणाल्या पितळेची भांडी तरी माळ्यावर टाकते आणि येते, तर सासऱ्यांनी त्यांना हाताला धरून ओढलं, म्हणाले आई, लोटाच्या बायकोचं आठव, मागे वळून बघितलं आणि मिठाचा खांब झाली, आणि हातात जे होतं ते घेऊन सगळे निघाले, हातात होती ती दुधाची चरवी. ती चरवी आजही आमच्याकडे आहे, तळाला पोचा आलेली.

पाण्याने वाडा नेला. पण सासूबाई एक गोष्ट ठासून सांगायच्या आणि म्हणूनच मी हे लिहितेय. देवाने आपल्याला सांगितलं आणि दुसऱ्यांना नाही असं त्या कधीही बोलू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, त्याने वैद्यबुवांच्या तोंडून सांगितलं, आणि वैद्यबुवा काही मंडळीचे सभासद नव्हते. त्यांच्या घरी आम्ही अजून नाताळचा फराळ पाठवतो.

*

हिंजवडी फेज २

माझं लग्नाचं. स्थळ आपल्यातलंच, शिकलेलं, पगार उत्तम, पाळकसाहेबांच्या ओळखीतलं, त्यामुळे घरी सगळे खूश, मीही. भेटायला एफसी रोडवर गेलो होतो, सगळं छान चाललेलं, आणि वेटरने चुकून दुसऱ्या टेबलची ऑर्डर आमच्याकडे आणली. साधा पोरगा होता, सतरा-अठराचा असेल, सॉरी म्हणत होता. ह्याने त्याला असं काही झापलं की तो पोरगा ट्रे धरून उभाच राहिला, आणि माझ्याकडे वळून हा लगेच हसून म्हणतो, हां तर तू काय सांगत होतीस. तो आवाज बदलण्याचा वेग मी विसरू शकत नाही.

नीतिसूत्रे २२ मध्ये सरळ लिहिलंय, रागीट माणसाशी मैत्री करू नकोस. मैत्री पण नको म्हटलंय, मग लग्न? मी घरी नकार सांगितला. आई म्हणाली एवढ्याशा गोष्टीवरून? मावशी म्हणाली तू प्रार्थना कर, देव त्याला बदलेल. मी म्हटलं मावशी, देव बदलेलच, पण त्यासाठी मी बायको असायलाच पाहिजे असं वचनात कुठे आहे? मावशी अजून नीट बोलत नाही माझ्याशी. त्या मुलाचं लग्न झालं, सुखात असो, मनापासून म्हणते. मी बरोबर होते हे सिद्ध व्हावं म्हणून त्याचं वाईट व्हायला पाहिजे असं मला अजिबात वाटत नाही.

*

वानवडीची नर्स

मी इथे थोडी दुसरी बाजू लिहिते, कारण "देवाने सांगितलं" हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. आमच्या सासूबाईंना शुगर, इन्शुलिन चालू. त्या एका प्रार्थनेला जायला लागल्या, तिथल्या एकाने डोक्यावर हात ठेवून सांगितलं की प्रभूने मला दाखवलंय, तुम्ही बऱ्या झालात, आता सुई टोचणं म्हणजे अविश्वास. त्यांनी आम्हाला न सांगता इन्शुलिन बंद केलं. मी नाईट करून घरी आले तर त्या सोफ्यावर, ओठ कोरडे, श्वास खोल खोल चाललेला, सारखं पाणी मागतायत. ग्लुकोमीटर लावला तर आकडा येईचना, नुसतं "हाय" आलं, म्हणजे मशीनला मोजता येईल त्याच्याही वर. रिक्षात घालून नेलं, आयसीयूत ड्रिप, इन्शुलिन, सगळं.

ज्यांना वाटतं इशारा ओळखायचा कसा त्यांनी १ राजे १३ वाचा. यहूदातून आलेल्या देवाच्या माणसाला स्पष्ट आज्ञा होती, तिथे खायचं नाही, प्यायचं नाही, आलास त्या वाटेने परत जायचं नाही. राजाने बोलावलं तरी तो गेला नाही. आणि मग एक म्हातारा संदेष्टा येतो आणि म्हणतो मला देवदूताने सांगितलंय, चल माझ्या घरी जेवायला. खोटं बोलत होता. हा गेला आणि वाटेत सिंहाने मारलं. राजाला नाही म्हणणारा माणूस "देवदूताने सांगितलं" ह्या दोन शब्दांना फसला! पौल थेस्सलनीकाकरांना म्हणतो संदेशांचा धिक्कार करू नका आणि पुढच्याच दमात म्हणतो सगळ्याची पारख करा. दोन्ही पाळायचं. त्याच पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे असं लिहिलंय, अविश्वासी म्हटलं नाही. औषध बंद करायला सांगणारा कोणीही असो, आधी डॉक्टरांना फोन करा. हे मी विश्वासातूनच सांगतेय.

*

दौंड लोकलचा प्रवासी

नर्सताईंचं शंभर टक्के पटलं. मी निवृत्त शिक्षक, लहानपण केडगावला गेलं, त्यामुळे आज्ञापालन म्हटलं की मला पंडिता रमाबाईच आठवतात. १८९६-९७ चा मध्य प्रांतातला दुष्काळ. त्यांचे स्वतःचे आईवडील असल्याच दिवसांत उपासमारीने गेलेले, म्हणजे तिकडे काय चाललं असेल हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पुण्यात शारदा सदन, त्यांची विधवा मुलींसाठीची शाळा, चालू होतं, तेच सांभाळता सांभाळता नाकी नऊ येत होते, पण देवाने आपल्याला पाठवलंय हे मनात पक्कं झालं आणि त्या गेल्या, पोरीबाळींना घेऊन आल्या. आणल्या तर पुण्यात प्लेग, शहरात इतक्या मुली ठेवायला बंदी. मग केडगावची जमीन कामाला आली, जी आधी फळबागेसाठी म्हणून घेतलेली होती. सोय झाल्यावर आज्ञा आली नाही, हे बघा. आज्ञा अडचणीतच आली आणि जागा कुठली ते नंतर कळलं. मला तरी देव पूर्ण रस्ता आधी दाखवतो असा अनुभव कधीच नाही.

*

खडकी बाजार

छोटंसं लिहितो. प्रभुभोजनाचा रविवार होता आणि मत्तय ५ वाचला गेला, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. आम्हा दोघा भावांचं वडिलांच्या घरावरून बोलणं बंद होतं. कागदपत्रांनी मी बरोबर आहे, आजही म्हणतो. पण वचनात कोण बरोबर ते विचारलेलंच नाही, त्याच्या मनात काही आहे का एवढंच आहे. मी बाकावरून उठलो, बाहेर येऊन गाडीला किक मारली आणि येरवड्याला गेलो. वहिनीने दार उघडलं. भाऊ आतून आलाच नाही, टीव्हीचा आवाज मात्र मोठा केला. मी वहिनीला सांगितलं की मी समेट करायला आलोय, घराचं नंतर बघू, आणि चहा पिऊन निघालो. घराचं अजून सुटलेलं नाही. पण ह्या नाताळला पुतण्या केक घेऊन आला होता.

*

धागाकर्ता

खूप आभार सगळ्यांचे, भोसरीवाले भाऊ, तुमचं वाचून मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. खडकीवाल्यांसाठी आज प्रार्थना करणार आहे. अजून लिहा, विशेषतः तरुण संघातल्या मुलांनी लिहा, इथे सगळे मोठेच दिसतायत. आणि नर्सताई, सासूबाई आता कशा आहेत?

*

वानवडीची नर्स

बऱ्या आहेत, इन्शुलिन चालू आहे, शुगर बरीच कंट्रोलमध्ये आहे. त्या प्रार्थनेला जात नाहीत, आमच्याच मंडळीत येतात. आता महिला मंडळात ज्यांना ज्यांना शुगर आहे त्या सगळ्यांना उपासाच्या दिवशी आधी डॉक्टरांना विचारलंत का म्हणून त्याच दटावतात.