अनुभव धागा : वर्णनाचे इंग्रजी शब्द कसे जमवले, कसे टिकवले?

आपल्याकडच्या मुलांच्या इंग्रजी निबंधात ऊन 'व्हेरी हॉट' असतं आणि उरलेलं सगळं 'नाइस'. शब्द पाठ असतात, वर्णन करायच्या वेळी हाताशी येत नाहीत. खेड्यात शिकवणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी नेमकं काय केलं की शब्द रुजतात, आणि कुठे गाडी अडते, ते लिहा. 'वाचन वाढवा' एवढंच लिहू नका बापा, ते साऱ्यांनाच ठाऊक आहे.

दर्यापूर, हायस्कूल शिक्षक

विशेषणं नंतर, आधी क्रियापदं. कारण दोन्ही भाषांच्या घडणीतच आहे. चाल कशी होती हे मराठीत आपण वेगळ्या शब्दाने सांगतो : लंगडत चालला, झोकांड्या खात चालला, पाय ओढत चालला. इंग्रजीत ते सगळं एकाच क्रियापदात मावतं : लिंप, स्टॅगर, ट्रज. मराठीतून विचार करणारं पोरगं 'वॉक' लिहितं आणि त्याला 'स्लोली' जोडतं. व्याकरण बरोबर असतं, डोळ्यांपुढे मात्र काही उभं राहत नाही.

वहीचं पान उभं दुमडा. डावीकडे मराठी वाक्प्रयोग, उजवीकडे एकच क्रियापद. एका आठवड्याला एकच गट, सहाच शब्द. पाहण्याचा गट घ्या : टक लावून पाहणं स्टेअर, ओझरती नजर ग्लान्स, फटीतून पाहणं पीप, उन्हात डोळे बारीक करणं स्क्विंट. मग एकाने करून दाखवायचं, बाकीच्यांनी शब्द ओळखायचा. जवळचे शब्द गावातल्याच प्रसंगाला बांधा. झडीत पांदणीच्या चिखलातून घर गाठणं म्हणजे ट्रज, संध्याकाळी धुऱ्याधुऱ्याने हवा खात फिरणं म्हणजे स्ट्रोल, नाल्याच्या गुडघाभर पाण्यातून जाणं म्हणजे वेड.

आवाजाचा गट सगळ्यात लवकर बसतो, कारण सळसळ, गडगड, खळखळ यांची आपल्या भाषेत खाणच आहे. पानांची सळसळ रसल, ढगांची गडगड रंबल, चुलीतल्या काड्यांची तडतड क्रॅकल. यातल्या 'रसल'मधला टी लिहायचा, उच्चारायचा नाही.

घाटंजी, शिकवणी वर्ग

दर्यापूरच्या सरांचं पटलं, पण विशेषणांत वेगळाच घोळ आहे, जी. इंग्रजी-मराठी खिसाकोशात 'सल्ट्री'पुढे नुसतं 'उष्ण' असतं, आणि पोट्टे तो शब्द नवतपाला, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांना, लावतात. नवतपाचं ऊन कोरडं, ते स्कॉर्चिंग. जमीन भेगाळते ती पार्च्ड. सल्ट्री किंवा मगी म्हणजे पाऊस उघडल्यावर, ढग दाटून, अंगाला कपडे चिकटतात तो ऑगस्टचा उकाडा.

दुसरं, स्कॉर्चिंगच्या आधी 'व्हेरी' चालत नाही. टोकाच्या विशेषणात 'व्हेरी' आधीच मुरलेलं असतं. वॉर्म, हॉट, स्कॉर्चिंग अशी पायरी काढून द्या आणि सांगा की शेवटच्या पायरीला लावायचंच असेल तर 'ॲब्सोल्यूटली' लावा. एक्झॉस्टेड, स्टार्व्हिंग, ह्यूज हे त्याच जातीचे.

वणी

थोडक्यात, उच्चार. कपाशीच्या बोंडाला इंग्रजीत बोल म्हणतात, बॉल नाही. दुष्काळ ड्राउट, शेवटी ट आहे, थ नाही. घाम स्वेट, स्वीट नव्हे. नांगर प्लाउ. चुकीचा उच्चार बसला की तो शब्द कानावर पडला तरी ओळखू येत नाही.

वर्धा जिल्हा, निवृत्त शिक्षिका

एक मराठी विशेषण घ्यायचं आणि इंग्रजीत त्याच्या चिंध्या करायच्या. आपला 'कडक' पाहा. कडक चहा स्ट्राँग, कडक थंडी बिटर, कडक गुरुजी स्ट्रिक्ट, कडक इस्त्रीचा शर्ट क्रिस्प, वाळून कडक झालेली भाकर हार्ड. पाच नामं, पाच शब्द. म्हणून सुटा शब्द पाठ करू नये, तो ज्या नामासोबत नांदतो त्याच्यासकट वहीत उतरवावा. 'जोराचा पाऊस'चं 'स्ट्राँग रेन' होतं ते याचमुळे. पाऊस हेवी, वारा स्ट्राँग.

मराठी शब्दाला इंग्रजी जोड हवी असेल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश बघावा. पहिली आवृत्ती १८३१ची, वाढवलेली दुसरी १८५७ची, आणि आता इंटरनेटवर शोधता येतो. शेतीचे, अवजारांचे, गुराढोरांचे शब्द त्यात भरपूर. मात्र त्यातली इंग्रजी त्या काळची आहे. सापडलेला शब्द आजच्या लर्नर्स डिक्शनरीत, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या कोशात, तपासल्याशिवाय वापरू नये. बंडीच्या चाकाची चाकोरी म्हणजे रट. गंमत अशी की रोजच्या ठरीव जगण्यालाही मराठी चाकोरी म्हणते आणि इंग्रजी रट. असे जुळे शब्द मुलं कधी विसरत नाहीत.

रॉजेटचा थिसॉरस १८५२चा. अर्थाने जवळचे शब्द एकत्र मिळतात, पण त्यांतला कुठला गोड आणि कुठला बोचरा ते थिसॉरस सहसा सांगत नाही. बारीक माणूस कौतुकाने स्लिम, नावं ठेवून स्किनी. चाऱ्यावाचून हाडं निघालेली गाय स्क्रॉनी. नवरीला स्क्रॉनी म्हटलं तर सोयरीक मोडेल.

उमरखेड, अभ्यासिका

टिकवण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून. जर्मन विज्ञानलेखक सेबास्टियन लाइटनरने १९७२मध्ये मांडलेली खोक्याची पद्धत. चपलेच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करा. एका कार्डावर एक शब्द. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. बरोबर आलं की पुढे, चुकलं की कुठूनही थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज, मग २, ४, ८ आणि १६ दिवसांनी. रोज पाचच नवी कार्डं. पहिल्या कप्प्यात तीसपेक्षा जास्त साचली की नवी बंद.

बिघडतं कुठे, तर कार्डाच्या पुढच्या बाजूला इंग्रजी शब्द आणि मागे मराठी अर्थ लिहितात. त्याने शब्द ओळखता येतो, लिहिता येत नाही. पुढे गाळलेल्या जागेचं वाक्य लिहा, सोबत पहिलं अक्षर. शब्द मागे.

वरूड

संत्र्याच्या पट्ट्यात आहोत तर एका संत्र्यावर चाळीस मिनिटं काढा. साल पील, तिचा वरचा रंगीत थर झेस्ट, आतला पांढरा भाग पिथ, फोड सेगमेंट, बी पिप. नागपुरी संत्रं खरं म्हणजे मँडरिनच्या कुळातलं, साल सैल, म्हणून त्याला लूज-स्किन्ड म्हणणं अचूक. चवीला टँगी, खाऊन झाल्यावर बोटं स्टिकी. मग चार वाक्यं लिहायला लावा, अट एकच : एका नामाआधी दोनपेक्षा जास्त विशेषणं नकोत. ही अट नसली की पोरं माळ ओवतात. दोन आली तर मत आधी, रंग नंतर.

संत्र्याच्या दोन हंगामांच्या मधे, आंबिया बहार संपून मृग बहार यायचा असतो तेव्हा, जानेवारीच्या सुमारास, कवठ घ्या. कवच रफ, गर टार्ट. फोडायला दगड मात्र आधीच वर्गात आणून ठेवा.