यलोस्टोन ते ग्लेशियर, मागे ट्रेलर

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कहून ग्लेशियर नॅशनल पार्कला जाताना २४ फुटी ट्रेलर घेऊन गोइंग-टू-द-सन रोडनेच (ग्लेशियरमधून डोंगर ओलांडणारा रस्ता) पलीकडे गेलं तर चालेल का. नाही चालणार हो, त्या रस्त्यावरच्या अ‍ॅव्हलांच ते रायझिंग सन या ठिकाणांच्या मधे २१ फुटांपेक्षा लांब काहीच सोडत नाहीत आणि ही लांबी गाडी प्लस ट्रेलर मिळून धरतात.

त्यापेक्षा वेस्ट यलोस्टोन गावाहून हायवे २८७ धरा, एनिस, हेलेना, मग थोडं आय-१५ हायवेने आणि परत २८७ ने ऑगस्टा, शोटो, पुढे ८९ ने ब्राउनिंग. रस्ता मस्त आहे पण शोटोच्या पुढे डोंगर डावीकडे आणि वारा थेट आडवा येतो, ट्रेलरची अख्खी बाजू शिडासारखी वारा धरते, म्हणून स्वे कंट्रोल (ट्रेलरचं डोलणं रोखणारी जोडणी) लावलेलाच हवा, स्पीड कमी ठेवा आणि जमलं तर हा पट्टा सकाळीच उरका, दुपारी वारा वाढतो.

ब्राउनिंगला जीपीएसचं ऐकू नका प्लीज! त्याने हायवे ४९ वर घातलं तर तिथेही २१ फुटांचीच मर्यादा आहे, वळणं भयंकर. पार्कच्या पूर्वेकडच्या सेंट मेरीला जायचं तर हायवे ४६४ ने बॅबवरून या, पश्चिमेकडच्या वेस्ट ग्लेशियरला जायचं तर हायवे यूएस २, त्यावरची मरायस पास ही खिंड जेमतेम ५,२१३ फूट उंच, चढ अगदी सौम्य.

सन रोड मात्र सोडू नका, ट्रेलर कॅम्पग्राउंडवर ठेवून नुसत्या पिकअपने जा, फक्त टोइंगचे लांब आरसे आत घ्या, रुंदीची मर्यादा ८ फूट आहे आणि ती आरशांसकट मोजतात.