मुद्रितशोधकाला तुमच्या मनातलं कसं कळणार?

शुद्धलेखनाबद्दल ‘भाव पोचला म्हणजे झालं, बाकी मुद्रितशोधक (म्हणजे प्रूफं तपासणारा) बघेल’ असं एक मत वाचलं आणि राहवलं नाही. नारायण पेठेत बसून मी तेच काम करतो. ऱ्हस्व-दीर्घ बघीन हो, पण तुमच्या मनातलं?

मध्यंतरी एक कथा आली. व्याही फोनवर विचारतात, ‘आम्ही यायलाच नको का?’ सासूबाईंचं उत्तर : ‘नाही आलात तर चालेल.’ आता बाई टाळतायत, की ‘नाही, आलात तर चालेल’ म्हणून बोलावतायत? पुढची पाच पानं भांडण आहे, म्हणजे हे ठरायलाच हवं. लेखकाला फोन केला, तर तोच अडखळला!

‘शिक्षक दीन’ असं फळ्यावर दिसलं की निदान हसता तरी येतं. (पगार बघता चूक म्हणवत नाही.)

मात्र पात्राच्या तोंडचं ‘पानी’ कुणी ‘पाणी’ करून दिलं तर मीही चिडतो. ती बोली आहे, चूक नव्हे. आणि १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार (उच्चारात नसलेली टिंबं) काढले, म्हणून जुनी ‘घरें’ अशुद्ध ठरवत सुटणाऱ्यांनीही जरा दमानं घ्यावं.