मदत हवी आहे: आईला पादुकाला न्यायचंय

नमस्कार मंडळी. आई एप्रिलमध्ये साताऱ्याहून आमच्याकडे नॅशव्हिलला येतेय. तिला केंटकीतलं पादुका दाखवायचंय. ओहायो आणि टेनेसी नद्यांच्या संगमावरचं हे छोटं गाव. १९३७च्या महापुरानंतर नदीकाठी उंच भिंत बांधली, आता तिच्यावर गावाचा इतिहास चितारलाय. पण खरं कारण वेगळं आहे. तिथं गोधड्यांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, १९९१पासून. २०१३मध्ये युनेस्कोनं हस्तकलेसाठी या गावाला सर्जनशील शहर म्हटलंय.

आई आयुष्यभर जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवत आलीय. तिचा धावदोरा इतका बारीक की उलट-सुलट ओळखू येत नाही. यंदा माझ्यासाठी आजीच्या हिरव्या इरकलीची शिवलीय, तीही सोबत आणतेय. तिथल्या बायकांनी ती हातात घेऊन बघावी, असं मनापासून वाटतं.

कुणी जाऊन आलंय का? एप्रिलमधल्या गोधडी-सप्ताहात जावं, की गर्दी टळल्यावर? आईचे गुडघे दुखतात, फार उभं राहवत नाही. हाताने शिवणाऱ्या बायका कुठं भेटतील? आणि शाकाहारी जेवणाची सोय होते, की डबाच न्यावा?