मदत हवी आहे: सोनी ए९ टू की ए९ थ्री कॅमेरा, नाटकाच्या फोटोंसाठी

पुण्यात प्रयोग आणि मैफली शूट करतो. सध्या ए९ टू (२०१९), ७०-२०० एफ २.८ लेन्स, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० ते १२८००. प्रयोगात आवाज चालत नाही म्हणून सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटर वापरतो; त्यात सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे डिम केलेल्या एलईडी दिव्यांखाली फ्रेमवर आडवे पट्टे येतात.

करून पाहिलं: १/१०० आणि १/५० शटर. विजेच्या ५० हर्ट्झचं लुकलुकणं आटोक्यात येतं, पण डिमरच्या लुकलुकण्याची वारंवारता खूप जास्त असते, ते पट्टे राहतातच. शिवाय एवढ्या संथ शटरला तराण्यातले हात फोटोत हललेले येतात. मेकॅनिकल शटरने पट्टे बरेच कमी होतात, पण समोरच्या रांगेत खटखट ऐकू जाते.

ए९ थ्रीच्या ग्लोबल शटरमध्ये सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचला जातो, त्यामुळे पट्टे नाहीत हे कळतं. सेकंदाला १२० फ्रेमची गरज नाही. बॅटरी, लेन्स तीच चालतील. अडचण एकच: बेस (मूळ, सर्वात कमी) आयएसओ १०० ऐवजी २५०, आणि नॉइज (फोटोतले दाणे) जास्त.

दोन्ही वापरलेल्यांनी सांगावं: ६४०० ते १२८०० ला, काळ्या पडद्यासमोर, रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल डिनॉइज केल्यावर १२ बाय १८ इंच प्रिंटमध्ये फरक दिसतो का? आणि सलग फ्रेममध्ये उजेड कमी-जास्त होतो का?