तोंडातले फोड आणि बर्फ
तोंडात आलेल्या फोडांना बर्फाने नुसतं तात्पुरतं बरं वाटतं. मेल्फॅलन (कॅन्सरवरचं केमोचं औषध, त्यानेही तोंडात फोड येतात) देताना मात्र बर्फाचं काम फोड येण्याआधीच होतं: थंडाव्याने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथे कमी पोचतं. हे औषध रक्तातून लवकर उतरतं म्हणून युक्ती जमते. अंगात रेंगाळणाऱ्या औषधांना ती लागू नाही. सलाइनमधून औषध सुरू होण्याच्या ५ मिनिटं आधी बर्फ तोंडात हवा, संपल्यावरही वॉर्ड सांगेल तोवर. उकळून गार केलेल्या पाण्याचाच, बारीक फोडलेला. टोकदार खडा हिरडीला लागतो. गालाच्या आत, जिभेखाली फिरवत राहा. नंतर गुळण्यांना कपभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा, त्याच्या निम्मं मीठ. अल्कोहोलवाला माउथवॉश नकोच, नुसता चरचरतो.